दाऊदचाचांच्या टँकमधलं नायट्रेट

काचेच्या नळीतलं पाणी पुन्हा लाल झालं. टेस्ट किटचा हिशेब सोपा असतो. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर उत्तम. नारिंगी झालं तर सावध. लाल म्हणजे वाईट.

"काय मॅडम, परत नापास?" दाऊदचाचांनी विचारलं.

दाऊदचाचा कुवेतला एका शेठची गाडी चालवायचे. त्या शेठच्या दिवाणखान्यात भिंतभर फिश टँक होता. कायमचे परत आल्यावर चाचांनी पोलादपूर रस्त्यालगतच्या आपल्या गावात नवं घर बांधलं आणि तसाच, जरा लहान टँक माझ्याकडून बसवून घेतला. मी झूलॉजीची पदवीधर. महाडच्या बाजारात माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन टँकची सर्व्हिसिंगही मीच करते.

चाचांचे एंजल मासे आठवड्यामागून आठवडे मलूल होत चालले होते. कारण नायट्रेट. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजतं, पाण्यातले जंतू त्याचं रूपांतर करत जातात, आणि शेवटी उरतं ते नायट्रेट. साधा फिल्टर ते काढत नाही. थोडं पाणी काढून नवं भरायचं, हाच उपाय. तो मी करून पाहिला होता. खाणं कमी केलं, खडी उपसून धुतली, मासे कमी केले. प्रत्येक वेळी नळी लालच.

"तुमचं औषध तर खराब नाय ना?" चाचा म्हणाले.

शंका रास्त होती. माझ्या बॅगेत घरून आणलेली पिण्याच्या पाण्याची बाटली होती, महाडच्या नळाची. त्या पाण्याची टेस्ट केली. पिवळं. म्हणजे किट बरोबर होतं. मग टँक ज्या पाण्याने भरायचो ते पाहू, म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेतलं.

ते टँकपेक्षाही लाल झालं.

"हे पाणी कुठलं, चाचा?"

"आपल्या विहिरीचं. माझ्या बापाने खोदलेली. गावात एवढं गोड पाणी कुणाकडं नाय."

मला कोडं सुटल्याचं समाधान वाटायला हवं होतं. पण आतल्या खोलीत बाळ रडत होतं. चाचांची मुलगी नसरीन बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपणानंतर तिला मोठं दुखणं आलं आणि अंगावरचं दूध आटलं. ती ओट्याशी उभी राहून बाटलीत दुधाची पावडर कालवत होती.

"हे पाणी बाळाला नको देऊस," मी म्हटलं.

"आम्ही उकळून देतो, ताई. चांगलं खळखळून."

"उकळून जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते जास्तच दाट होतं."

तिने चाचांकडे पाहिलं. चाचा हसले. "मॅडम, तुम्ही मासे बघा."

मी सामान आवरलं आणि निघाले. स्कूटरवर हायवेच्या फाट्यापर्यंत आले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. मी डॉक्टर नाही. माझं किट माशांसाठी होतं. पण कॉलेजात शिकले होते की अगदी लहान बाळाच्या पोटात असं पाणी गेलं, की त्याच्या रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही. बाळ निळसर पडतं. आणि मी निघताना नसरीन बाळाला घेऊन टँकच्या खोलीत आली होती, तेव्हा त्याचे ओठ मला निळसर दिसले होते. टँकच्या निळ्या ट्यूबलाइटमुळे त्या खोलीत सगळेच निळे दिसायचे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मी फाट्यावर गाडी बंद केली, परत सुरू केली आणि मागे वळवली.

"काय राहिलं?" चाचांनी दारातच विचारलं.

"नसरीन, बाळाला जरा ओटीवर उजेडात आण."

ती आली. बाहेर स्वच्छ ऊन होतं. त्या उन्हातही बाळाचे ओठ आणि नखं राखाडी होती.

"रंग सावळाच हाय त्याचा," चाचा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "आम्ही सगळे ह्याच पाण्यावर वाढलो, मॅडम."

"तेव्हा तुमचा संडास कुठे होता?"

"शेताच्या पलीकडं."

"आणि आता?"

चाचांनी घराच्या मागे पाहिलं. नव्या घराची सेप्टिक टँक चढाच्या बाजूला होती, विहीर तिच्या खाली. मधे सगळा जांभा. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावं तसं झिरपतं.

नसरीनने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "अब्बा, रिक्षा आणा," ती म्हणाली.

महाडच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं देता?" मी नळीची गोष्ट सांगितली. सिरिंजमध्ये काढलेलं रक्त चॉकलेटसारखं गडद होतं. त्यांनी बाळाला ऑक्सिजन लावला आणि दाखल करून घेतलं. चाचा दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. मलाही बसवत नव्हतं.

बाळ वाचलं. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. विहिरीचं पाणी बंद झालं आणि हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका केमिस्टने विहिरीच्या पाण्याची रीतसर तपासणी करून दिली. निकाल माझ्या किटसारखाच आला. चाचांनी सेप्टिक टँक फोडून उताराच्या बाजूला नवी बांधली. पिण्यासाठी पाणी वरच्या वाडीच्या झऱ्यावरून येऊ लागलं. माशांचा टँकही मी त्याच पाण्याने भरला, आत झाडं लावली आणि एंजल मासे पुन्हा पोहू लागले. विहीर मात्र सुधारायला फार काळ गेला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या टँकला हात लावण्याआधी मी त्याच्या घरचं पाणी तपासते. बहुतेक जण म्हणतात, "आमचं पाणी गोड आहे हो." असेल. पण गोड असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जिभेला त्यातली एकच कळते.