पायाळू सिस्टर

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी माझे पाय बाहेर आले, डोकं नंतर. असल्या माणसाची लाथ बसली की पाठीत-कंबरेत भरलेली उसण उतरते, अशी आमच्या राहुरीकडच्या गावात पक्की समजूत. एरवी आमच्या हातचं पाणी न घेणारे लोक कंबर धरून दारात यायचे आणि मला, सात वर्षांच्या पोरीला, म्हणायचे, "मार गं, जोरात मार." मी मारायचे. खोटं कशाला बोलू, मजा यायची. वडिलांनी एकदा पाहिलं आणि माझ्याच पाठीत दोन धपाटे घातले. "माणसाला लाथा मारायला शिकवलं का तुला?" तेव्हापासून ते बंद झालं.

पुढे नर्स झाले. नव्वदच्या दशकात नगरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं मशीन तेव्हा नवंनवं आलेलं. पोटाला चार बारीक भोकं पाडायची आणि गॅस भरून पोट फुगवायचं, म्हणजे आत दिसायला जागा होते. गॅसचं बटण माझ्या हाती. दाब बारावर ठेवला तर पेशंटला नंतर दुखणं कमी, पण आत जागाही कमी. सर्जन पुण्याहून शिकून आलेले, हात चांगला, तोंड घाण. नीट दिसेना की ओरडायचे, "वाढव."

त्या दिवशी टेबलावर ऊसतोडीला जाणारी एक बाई होती, तिशीही न गाठलेली. बाराचे पंधरा केले. "वाढव." भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, नाडी मंदावतेय. "सर, पंधरा पुरे," मी म्हटलं. त्यांनी हातातला चिमटा माझ्या अंगावर भिरकावला. कपाळ थोडक्यात वाचलं. मी घाबरले आणि अठरा केले. हो, मीच केले. मॅडमनी सुई टोचून नाडी सावरली आणि ऑपरेशन उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई उजवा खांदा धरून गुरासारखी ओरडत होती. पोटाचं काही नाही, खांदाच. आत उरलेला गॅस छातीखालच्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात उठते; दोन-तीन दिवसांत जिरतो. हे मी तिच्या सासूला समजावलं. सासू म्हणाली, "पोटातला ग्यास खांद्याला कशाला जाईल? उसण भरलीय तिला. पायाळू बघा कुनी." आणि माझ्याच गावाकडच्या आमच्या आयामावशीने, काय अवदसा आठवली तिला, माझ्याकडे बोट दाखवलं.

"मार बाय एक लाथ," म्हणत सासू माझे पाय धरायला लागली. मी भडकले. "आत नळीला क्लिपा लावल्यात. धक्क्याने एक जरी निसटली तर पित्त पोटात सांडेल आणि पोरगी मरेल. कळतंय का?"

"लई गर्व हाय हिला," म्हणून बाईचा दीर तरातरा बाहेर गेला.

मी बाकीच्या पेशंटचं उरकून, तिचं इंजेक्शन भरून परत येते तो काय, दिराने स्टँडवरून एक धिप्पाड पायाळू हमाल पकडून आणलेला. बाईला कुशीवर वळवलेलं, सासूने तिचे हात दाबून धरलेले आणि हमालाचा पाय वर उचललेला. मी ट्रे टाकला आणि त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो शेजारच्या लोखंडी कपाटावर आदळला. दिराने माझ्या थोबाडीत दिली. मीही दिली. ओठ फुटला तो माझाच.

त्या गोंधळात पलंगावरून बाई म्हणाली, "ताई, हे न्हाई ऐकायचे. तुमी गेल्या की पुन्ना आनतील त्याला. तुमीच मारा. हळू मारा."

मला वडील आठवले. शरमेने मेल्यासारखं झालं. मग पांढरा बूट काढला, मोजा काढला, पलंगाच्या काठावर बसले आणि उजव्या पायाचा तळवा तिच्या खांद्याला तीनदा नुसता टेकवला. नंतर नव्याने इंजेक्शन भरून दिलं. अर्ध्या तासात तिला झोप लागली. सासू वॉर्डभर सांगत सुटली, "उतरली, उसण उतरली." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागाने.

दुपारी राउंडला सर्जन हसत म्हणाले, "काय सिस्टर, पेशंटला लाथा मारता म्हणे?"

"मी बाहेरून मारली सर, हळू. त्याआधी आपण दोघांनी आतून मारली होती, अठराची."

ते लाल झाले आणि पुढच्या पलंगाकडे वळले. ती बाई आठ दिवसांनी टाके काढायला आपल्या पायांनी चालत आली.

पुढच्या ऑपरेशनला टेबलावर दुसरी बाई. "वाढव," सर्जन म्हणाले.

"बारा आहेत सर. बाराच राहतील."

चिमटा आला. या वेळी मी हललेच नाही, हात बटणावरच ठेवला. चिमटा मनगटात घुसला आणि रक्त आलं. शिव्या देत देत का होईना, त्यांनी ते पित्ताशय बारावरच काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तेव्हा ही दुसरी बाई दोन्ही हात डोक्यामागे नेऊन स्वतःची वेणी घालत बसली होती. माझ्या मनगटाची पट्टी पाहून तिने विचारलं, "काय लागलं हो, सिस्टर?"