करडीच्या पाळीवर जुनी मोटार

“डोमाजी, हँडल मारून राहिला का गाडीची आरती करून राहिला?” शंकरकाका नव्या गाडीतून ओरडले. परवा एका गॅरेजात जुन्या चामडी सीटचा वास आला आणि ती दुपार पुन्हा उभी राहिली.

आजोबांना जाऊन महिनाच झाला होता. डोमाजी त्यांचा ड्रायव्हर. त्यांची अजस्र जुनी मोटार आणि तिच्याहून वीस वर्षांनी तरुण, काकांची आलिशान गाडी. करडीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शर्यतीत हरेल ती भंगारात, असं ठरलं होतं. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. आमची अशी सुटली की तिथले बगळे अजून परतले नाहीत! पण चढावर ती उकळली आणि बंद पडली.

तेवढ्यात जुनी मोटार डुलत आली, एकही हिसका न देता आम्हाला ओलांडून गेली. आत कोणीच नव्हतं. हँडल मारण्याआधी गिअर काढायचं डोमाजी विसरला होता. तो मागून हँडल हातात घेऊन पळत होता. पाळ जिथं वळते तिथं मोटारही वळली आणि मासे धरणाऱ्या ढिवरांच्या, काठाला बांधलेल्या डोंग्यांपाशी अलगद थांबली.

“हे इथंच काहून थांबली?” काकांनी धावत येऊन विचारलं.

“मालक रोज इथंच मासोळ्या घ्याचे जी,” डोमाजी म्हणाला.