आक्कांनी लपवलेल्या गोळ्या

रविवारी सासरच्या गावी, पहूरला जाऊन भांडून आले. तेही पुतणीला बघायला पाहुणे बसलेले असताना, पोह्यांच्या डिश हातात देता देता...

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का. बरेच दिवस त्यांच्या उजव्या गालात करंट लागल्यासारखी कळ यायची. चूळ भरली तरी कळ, वारा लागला तरी कळ. दाताचं असेल म्हणून दोन दाढा काढून झाल्या. कळ होती तिथेच.

शेवटी मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, एमआरआय केला. दुखणं दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे म्हणाले. ऑपरेशन नको, गोळ्यांनी थांबेल, पण गोळी मनाने बंद करायची नाही.

बाहेर आल्यावर सोबत आलेले दीर म्हणाले, "एवढ्या मोठ्या दवाखान्यात आलो अन् साधी सलाईनबी नाही लावली?" मी कपाळाला हात लावला.

गोळ्यांनी आक्का पुन्हा भाकरी चावून खायला लागल्या. मग गावातल्या मेडिकलवाल्याने पाकीट बघून सहज सांगितलं, ही तर फिटची गोळी. झालं... घरात लग्नाची मुलगी. गोळ्या गेल्या गव्हाच्या कोठीत.

एकच गोळी दोन दुखण्यांवर चालते, हे फोनवर सांगून माझा घसा बसला. "लोकं काय म्हनतीन व माय? पोरीचं जमू दे, मंग घेईन," एवढंच त्यांचं.

रविवारी पाहुण्यांशी बोलता बोलता आक्का गाल धरून खालीच बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दीर म्हणाले, "काही नाही, दाढ दुखते तिची."

कोणती दाढ? ती तर काढून झाली...

माझे मालकही छातीतलं दुखणं गॅस म्हणून झाकत राहिले. ज्यांच्यापासून लपवलं, ते सगळे तेराव्याला जेवून गेले. मला राहवलं नाही. पाहुण्यांना सरळ सांगितलं, आक्कांचं नसेचं दुखणं आहे, गोळी फिटवरही देतात, आणि तुम्ही काय म्हणाल या भीतीने ती बंद आहे.

पुतणी दारात उभी, रडू दाबत. मुलाच्या आईने डिश खाली ठेवली.

"कुठंय गोळी, विहीणबाई? डॉक्टरला फोन लावा, विचारा अन् आधी ती घ्या. बोलणी मंग करू."

कोठीतून पाकीट निघालं. पोहे गार झाले, पण कोणी तक्रार केली नाही.

देण्याघेण्याचं अजून ठरायचंय. दीर माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. पण त्या बाईने काही ठरायच्या आधीच आक्कांना विहीणबाई म्हटलं... परत येताना एसटीत सारखं वाटत होतं, घरी जाऊन हे यांच्या फोटोला सांगायला हवं.