चिठ्ठी मंजूर, आता चालायला चला

सुनंदाताई दिघे यांची नि माझी ओळख एका खोट्या चिठ्ठीमुळे झाली. देवासच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवीत. मी आठवीत होते आणि खेळाच्या तासाचा मला मनापासून कंटाळा होता. आईच्या मागे लागून मी लिहून घेतलं होतं, ‘मुलीच्या पोटात दुखते, सूट द्यावी.’ ताईंनी चिठ्ठी शांतपणे वाचली, खाली लाल शाईनं ‘मंजूर’ लिहून सही केली आणि म्हणाल्या, “पळायचं नाही ना? नको पळूस. माझ्याबरोबर चाल.”

ताई कुणाची चिठ्ठी कधी नाकारीत नसत आणि कुणाला बसूही देत नसत. चिठ्ठीवाल्या आम्ही सात-आठ जणी त्यांच्याबरोबर मैदानाला फेऱ्या घालायचो. घरातली भांडणं, परीक्षेची भीती, सगळं तिथं बोलून व्हायचं. मध्येच ताई म्हणायच्या, “बघून ये गं, फाटक उघडं राहिलंय का? जल्दी जा!” मी धावत सुटायची. फाटक रोज बंदच असे, कारण ते ताई स्वतःच लावून येत. हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले. तोवर मी खो-खोच्या संघात होते.

आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत तेव्हा पाळीच्या दिवसांत मुलीला बाजूला बसवीत. आईनं हे संकोचत सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, “वहिनी, घरात तुमची रीत तुम्ही पाळा. माझ्या मैदानात बाजूला म्हणून जागाच नाही.” पुढच्या महिन्यात आईनं मला बाजूला बसवलं खरं, पण सरावाची वेळ होताच स्वतःच हाक मारून उठवलं.

दहावीच्या गणितासाठी खेळाचा तास मागायला सर आले, तेव्हा ताईंनी हसून आपल्या माळवी ढंगात होकार दिला. “घ्या की, भिया. फक्त शिकवा मैदानातच, और मुलींबरोबर चालत चालत.” सरांनी दोन फेऱ्यांत घाम पुसला आणि पुन्हा तास मागितला नाही.

पण ताई मला खऱ्या कळल्या त्या माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे. धारला मी खेळशिक्षिका झाले, तेव्हा आपण ताईंपेक्षा कडक व्हायचं असा माझा तोरा होता. निसरपूरकडून आलेल्या कुटुंबातली रेखा नावाची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. ती दर आठवड्याला चिठ्ठी आणायची. एके दिवशी माझा पारा चढला. “हर हफ्ते पेट दुखता है तेरा?” असं सगळ्या वर्गासमोर म्हणून मी चिठ्ठी फाडली. दुसऱ्या दिवसापासून रेखा शाळेतच येईना. आठवड्याभरानं कळलं, की घरचे तिचं नाव काढून घेणार आहेत. मी ताईंना फोन केला. चांगली बोलणी बसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, “इकडून धारला पोचायला पहिली बस कोणती गं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रेखाच्या दारात उभ्या होतो. ताईंनी तिच्या आईला हात जोडले. “मैं इन मैडम की मैडम हूँ. गलती इनसे हुई, पर सिखाया तो मैंने ही था. माफी माँगने आई हूँ, बहन.” मला मान वर करवेना. मग ताई रेखाला घेऊन गल्लीतून फेरी मारायला गेल्या. परतल्या तेव्हा उलगडा झाला. रेखाकडे अंगाला नीट बसणारे आतले कपडे नव्हते. ती धावू लागली की रस्त्यावरची माणसं बघून हसत, आणि हे तिला आईलाही सांगता येत नव्हतं. त्याच दुपारी ताईंनी बाजारातून कपडे आणले आणि शाळेच्या कुंपणाला लावायला जाड हिरवं कापडही घेतलं. मला म्हणाल्या, “अगं, एवढ्या चिठ्ठ्या आल्या. एकदा तिच्याबरोबर चालली असतीस, तर तिनंच सांगितलं असतं.” सोमवारी रेखा शाळेत आली. आज ती खातेगावला खेळ शिकवते. मी त्यानंतर एकही चिठ्ठी फाडलेली नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. आम्हा जुन्या विद्यार्थिनींकडून सत्काराचं आमंत्रण गेलं, तर उत्तरादाखल त्यांच्या हातची चिठ्ठी आली, ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुखते. समारंभातून सूट द्यावी.’ मी त्यांच्या सूनबाईंना फोन लावला. गुडघा उत्तम आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, असं कळलं. म्हणजे हीसुद्धा चिठ्ठी खोटीच!

तेव्हा रेखानं आणि मी त्या चिठ्ठीखाली लाल शाईनं ‘मंजूर’ लिहून सह्या केल्या आहेत. ताई, व्यासपीठ, शाल, भाषणं, सगळ्यातून तुम्हाला सूट. सत्काराच्या दिवशी सकाळी आपल्या शाळेच्या मैदानावर आम्ही सगळ्या चिठ्ठीवाल्या जमतोय. पळायचं नाही ना? नका पळू. आमच्याबरोबर चाला. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि अशा पुष्कळ फेऱ्या आम्हाला तुमच्यासोबत घालायला मिळोत. फाटक उघडं राहिलंय का, ते बघायला मी धावत जाईन.