आप्पांचं काउंटर

"घाम कुठं जाणार, ते सांगा आधी."

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी असं कुणी बोलत नाही. आप्पा बोलायचे. समोरचा माणूस मामलेदार कचेरीतला कारकून असो की कॉलेजात नव्यानं लागलेला प्राध्यापक, त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरायची, चोळून बघायची आणि हा प्रश्न टाकायचा. अनोळखी माणसाची बाही धरणारा विक्रेता तुम्ही तरी पाहिलाय का? मी धरली असती तर थोबाडीत बसली असती. आप्पांना लोक वर चहा पाजायचे.

बेळगावच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात आम्ही दोघं एकाच वर्षी सूटिंग-शर्टिंगच्या काउंटरवर लागलो. मी मॅट्रिक झालेला, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सफाईनं बोलणारा. ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, कणकुंबीकडच्या एका खेड्यातले, सातवीत शाळा सोडलेले. मला ते 'मास्तर' म्हणायचे. महिनाभरातच गिऱ्हाइकं पायरी चढता चढता विचारू लागली, "आप्पा आहेत का?" मी समोरच उभा असायचो. "आहेत," म्हणायचो आणि घडी घातलेलंच कापड मोडून पुन्हा घडी घालायचो.

कितीतरी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यावर जळत होतो.

ते दिवस टेरीलिन आणि टेरीकॉटचे होते. सकाळी घातलेल्या पँटची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही, याचं ऑफिसातल्या माणसांना कोण अप्रूप! सुती कपडे म्हणजे शिपायाचं लक्षण. साहेब लोक सफारी शिवायचे, मग मे महिन्यात पाठ भिजून कापड अंगाला चिकटलं तरी चालेल. लोक मागायचे ते मी विकायचो. आप्पाही विकायचे, पण आधी कडेचा एक धागा उपसून त्याला काडी लावायचे. धागा वितळून त्याचा कडक मणी व्हायचा.

"बघा साहेब, निम्मं प्लास्टिक हाय. घ्या, सगळीच घेत्यात. पण फुल बाही शिवू नका."

गिऱ्हाईक हसायचं, तेच कापड घ्यायचं आणि पुढच्या वर्षी भावाला घेऊन आप्पांकडंच यायचं. मीही एकदा काडी लावून पाहिली. धाग्याऐवजी ठाणाची कड जळाली. मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं सफारी गेली. चकचकीत पॉलिएस्टर आलं, तेही गेलं. ज्या सुती कापडाला लोक नाकं मुरडायचे, ते 'प्युअर कॉटन' म्हणून दिमाखात परतलं. मग लिनन आलं आणि चुरगळलेलं घालून मीटिंगला जाणं मोठेपणाचं झालं. त्यानंतर ओढलं की ताणणारं कापड आलं. नव्या पोरांनी टाय सोडला आणि तयार कपडे घ्यायला सुरुवात केली. आमच्या काउंटरवर उरले वकील, शिक्षक आणि निवृत्तीला टेकलेले साहेब. ते सगळे आप्पांचे.

मग माझी मुलगी वकील झाली. तिच्या पहिल्या कोटासाठी त्या वर्षीचं सगळ्यांत भारी कापड मी बाजूला काढून ठेवलं होतं. जाड, काळंभोर, चकाकणारं. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, आप्पाकाकांना दाखवू?"

माझ्यासमोर, माझ्याच काउंटरवर.

"चांगलं हाय, पोरी," आप्पा म्हणाले. "पण एप्रिलात कोर्टात उभी ऱ्हाणार तू. घाम कुठं जाणार?" त्यांनी वरच्या फळीवरचं पातळ टेरीवूल काढलं. तिनं तेच घेतलं. कोर्टाच्या पहिल्या दिवशी ती थेट दुकानात आली आणि आधी आप्पांच्या पाया पडली. मग माझ्या.

त्या 'मग'नं मला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. ऑपरेशनला ते घाबरायचे. गडद निळं आणि काळं त्यांना सारखंच दिसायचं. ही गोष्ट दुकानात फक्त मला ठाऊक होती, कारण ते मलाच हळूच विचारायचे, "मास्तर, काळंच हाय न्हवं?" आणि मी खरं ते सांगायचो.

महिन्याभरानं एका ज्येष्ठ वकिलांचा फोन आला. नेहमीचं कोटाचं कापड परस्पर शिंप्याकडं पाठवा, म्हणाले. आप्पांनी ठाण काढून माझ्यापुढं धरलं.

"काळंच हाय न्हवं?"

कापड गडद निळं होतं.

"व्हय आप्पा," मी म्हणालो.

कोट शिवून झाला. वकीलसाहेब तो घालून कोर्टाच्या आवारात उन्हात उभे राहिले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "साहेब, आज निळे?" चारचौघं हसले. दुपारी ते तणतणत दुकानात आले. मालकांनी आप्पांना बोलावलं. आप्पांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं.

"चूक झाली, मालक. डोळं गेलं माझं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. घडी घातलेलंच कापड मोडून पुन्हा घडी घालत राहिलो. पंधरवड्यात मालकांनी शाल-नारळ देऊन आप्पांना घरी पाठवलं आणि काउंटर माझं झालं. पण "आप्पा आहेत का?" विचारणारे येतच राहिले. नाहीत म्हटलं की निम्मे पायरीवरूनच परत फिरायचे.

दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं. निवृत्त झालो आणि एका सकाळी कणकुंबीची बस धरली. आप्पा अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. लांबूनच ओळखलं त्यांनी. "मास्तर! ये रं!"

पाणी प्यायच्या आधीच मी बोलून टाकलं. "आप्पा, त्या दिवशी मला दिसत होतं. निळंच होतं ते."

"ठाऊक हाय. तुझी नजर चांगली हाय. पण का रं?"

"जळत होतो तुमच्यावर. पहिल्या महिन्यापासून."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आता हाकलून देतील असं वाटलं, माझी तशी तयारीही होती. पण ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. "अगं ए, भाईर ये! ह्यो मास्तर माझ्यावर जळतोय म्हणं, इतकी वर्सं! च्या टाक!" मग हसू ओसरल्यावर हळू आवाजात म्हणाले, "पर लई वंगाळ केलास. ते वकील माझं तीस वर्साचं गिऱ्हाईक. परत तोंड दाखवलं न्हाय त्यांनी."

बेळगावला परतल्यावर मी त्या वकिलांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही. पुढच्या रविवारी मात्र ते स्वतः गाडी घेऊन आप्पांकडं जाऊन आले.

यंदा दिवाळीच्या आधी आप्पा गेले. बाराव्याला त्या लहानशा गावात बेळगावच्या गाड्यांची रांग लागली होती. निघताना वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमी येऊन गेल्यापास्नं ह्यांचं एकच चाललं हुतं बघा. कंडक्टरला सांगायचं, देवळात सांगायचं, डोळ्याच्या डाक्टरलाबी सांगायचं. बेळगावचा एक शिकलेला माणूस माझ्यावर जळत हुता म्हणून! माझ्यावर!" आणि डोळ्याला पदर लावून त्या हसल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. त्या जळण्यानं मला एक दिवस धड सुखाचा दिला नव्हता. आप्पांना मात्र त्याचंही सुख झालं, तेही गावभर वाटण्याइतकं. बस वळणावर आली, त्यांचं घर झाडांमागं गेलं, आणि मी पुन्हा त्यांच्यावर जळायला लागलो.