आईची भोवरी आणि मऊ चप्पल

“ब्लेड आण वं, भोवरी कापून टाकू,” आई म्हणाली होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते. धावत जाऊन आणून दिलं.

मैत्रिणींनो, आज सकाळी माहेरी, मुर्रीला गेले तर आई तसंच ब्लेड घेऊन ओसरीत बसलेली. तळपायाच्या भोवरीतून, म्हणजे कुरूपातून, रक्त येत होतं. आईला शुगर आहे.

तसंच तिला गोंदियाला दवाखान्यात नेलं. पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाले, “मावशी, पुन्हा ब्लेड लावू नका. जखम चिघळली तर पाय जाईल. घरातही मऊ, सैल चप्पल घाला.”

बाहेर येताच आई कडाडली, “ज्या घरात धान ठेवला, तिथं चप्पल घालून फिरू? डॉक्टरले काय समजते!”

तिचं ब्लेड मी पिशवीत घालून आणलं. पहिलं ब्लेड तिच्या हातात मीच दिलं होतं, हे दिवसभर मनातून गेलं नाही. तुमच्या घरीही कोणी असं कापत असेल तर आजच थांबवा.

वहिनी, तुम्ही घरी आईजवळच आहात, एवढं तिला वाचून दाखवा: आई, नवी चप्पल उंबऱ्याच्या आत ठेवून आले आहे. तू नाहीच म्हणशील, तरी उद्या उठल्यावर घाल.