व्हर्ना स्टकीचं हसणं

व्हर्ना स्टकीच्या हसण्याला गावात कुणी नावं ठेवली नाहीत, एक तिचा नवरा सोडून.

कॅलिफोर्नियातल्या त्या संत्र्यांच्या गावात ती पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होती. संत्रं उचलायचं, पातळ कागदात गुंडाळायचं, पेटीत बसवायचं. काम कंटाळवाणं, पण व्हर्नाला हसायला निमित्त लागत नसे. आधी नुसते खांदे हलायचे, मग नाकातून चमत्कारिक आवाज यायचा आणि मग जे सुटायचं ते तिच्याही हातात राहायचं नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाच्या बायका विनोद काय झाला हे न कळताच हसायला लागायच्या.

लाईल स्टकी म्हणजे दुसरं टोक. तो पाटकरी होता. बागांना पाळीपाळीने पाटाचं पाणी सोडायचा. दिवसभर एकट्याने हिंडायचं, दारं उघडायची, लावायची. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा मान त्याच्याकडे. चारचौघांत आपल्याकडे कुणी वळून पाहिलं की त्याचे कान लाल व्हायचे. अशा माणसाने व्हर्नाशीच लग्न का केलं, हे देवाला ठाऊक. मला विचाराल तर त्या हसण्यासाठीच केलं असेल, आणि नंतर ते विसरला असेल. नवरे विसरतात.

गावातल्या पालोमा थिएटरला एक मान होता. हॉलिवूडची मंडळी आपला नवा विनोदी सिनेमा बाहेर काढण्याआधी कधीमधी तिथे आणून दाखवायची. शहरातले लोक अतिशहाणे. हसण्याआधी शेजारचा हसतोय का ते बघतात. बागायतदार गडी हसला तर विनोद खरा. स्टुडिओची माणसं मागच्या रांगेत घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसायची आणि कुठे हशा आला, किती टिकला, ते टिपून न्यायची.

त्या शरद ऋतूत असाच एक सिनेमा आला. नाटकातलं नवरा-बायकोचं जोडपं. रंगपटात कडाक्याचं भांडतात आणि तशीच तोंडं फुगवून रंगमंचावर जातात. तो राजा, ती राणी. राजा गुडघा टेकून प्रेमाची याचना करतो आणि त्याचा गुडघाच अडकतो. काही केल्या उठता येईना. राणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तोंड फिरवूनच हळूच हात पुढे करते.

व्हर्नाचे खांदे हलायला लागले तेव्हा लाईलने कोपर मारलं. उपयोग झाला नाही. ती सुटली, तिच्यामागून सगळं थिएटर सुटलं. राणी पुढे काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. लोक माना वळवून व्हर्नाकडे बघत होते. लाईल उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सिनेमा सुटल्यावर स्टुडिओचा एक माणूस घाईघाईने बाहेर आला आणि हसत्या बाईंचे यजमान तुम्हीच का, असं त्याने विचारलं. लाईलने मान हलवली.

"त्यांच्यापायी आमची पुढची वाक्यं बुडाली की हो सगळी," तो म्हणाला. "आता परत कात्री घेऊन बसायला हवं." आणि मोटारीकडे पळाला.

लाईलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर व्हर्ना डोळे पुसत म्हणाली, "अरे, तो तूच होतास. गुडघ्यासकट. आणि ती रुसलेली मी. हसू नको तर काय करू?"

"तुझ्यामुळे त्यांना तो प्रसंग कापावा लागणार आहे," लाईल म्हणाला. "एवढ्या लोकांच्या मेहनतीची तू माती केलीस."

पुढच्या सिनेमाला ती तोंडात रुमाल कोंबून बसली. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, डोकं दुखतंय, तूच जा. शेडमध्येही ती गप्प गप्प काम करायला लागली. लाईलला जे हवं होतं ते मिळालं, आणि घर त्याला खायला उठलं. बोलून टाकावं असं रोज वाटायचं. पण कधी पाण्याची पाळी आडवी आली, कधी नुसतंच ओठावर येऊन राहिलं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. बागा वाचवायला झाडांखाली तेलाच्या शेगड्या पेटल्या आणि गावभर काळा धूर कोंडला. व्हर्नाची छाती भरली, ती पुन्हा मोकळी झालीच नाही. शेवटच्या दिवसांत लाईल तिचा हात धरून बसायचा. माफ कर म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

संत्र्यांना मोहोर आला तेव्हा तो सिनेमा पालोमात लागला, आता रीतसर. लाईल गेला. मजा करायला नव्हे. गुडघ्याचा प्रसंग कापलाय का, तेवढं त्याला बघायचं होतं. बायको शेवटची जे पाहून पोटभर हसली, तेही तिच्यामागोमाग जगातून गेलं का, हे त्याला कळायला हवं होतं.

प्रसंग होता. राजा खाली बसला, गुडघा अडकला, राणीने तोंड फिरवून हात पुढे केला. थोडे लोक हसले, थांबले. आणि पडद्यावर कुणी बोलेचना. राजा तसाच बसलेला, राणी हात पुढे करून वर आढ्याकडे बघत उभी. त्या दिवशी तिचे ओठ लगेच हलले होते. लाईलला लख्ख आठवलं. म्हणजे कात्री लावून त्यांनी काढलं काहीच नव्हतं. हशाला जागा केली होती.

लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "रीळ अडकलं वाटतं," पॅकिंग शेडचा मुकादम मोठ्याने म्हणाला.

लाईल स्टकी भर थिएटरात उठून उभा राहिला.

"गप बसा," तो म्हणाला. "व्हर्ना हसतेय."

सगळे गप्प झाले. राणीही थांबलीच होती. व्हर्नाचं हसून झालं, तेव्हा ती बोलायला लागली.